सुईणीची जागा

सिझेरियन शस्त्रक्रियेचे नाव ज्यूलियस सीझरवरून पडले, अशी आख्यायिका सर्वत्र सांगितली जाते. ती खरी मानण्यास आधार नाही. सीझरची आई ऑरेलिया मुलाच्या जन्मानंतर पुष्कळ वर्षे हयात होती. आणि ज्या काळी पोट फाडून मूल बाहेर काढीत, त्या काळी आई वाचत नसे. गरोदर स्त्री मरण पावली तर तिच्या उदरातील मूल काढल्यावाचून तिचे दफन करू नये, असा प्राचीन रोमचा दंडक होता. आपल्याकडे सुश्रुतानेही असाच प्रसंग वर्णिला आहे. माता एकाएकी मरण पावली आणि तिच्या कुशीत हालचाल दिसली, तर वैद्याने वेळ न दवडता उदर छेदून मूल काढावे, असे तो सांगतो. तात्पर्य, ही शस्त्रक्रिया मुळात मृत मातेवर करावयाची होती. जिवंत मातेसाठी ती शेकडो वर्षे जवळजवळ मृत्युदंडासारखीच राहिली.

या स्थितीत पालट झाला तो एकोणिसाव्या शतकात. १८४७ साली एडिंबरोच्या जेम्स सिम्सन यांनी प्रसूतीच्या वेळी क्लोरोफॉर्मचा उपयोग केला. १८६७ साली लिस्टरने जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत जगापुढे मांडली. १८७६ साली इटलीतील पाव्हिया येथे एदुआर्दो पोर्रो याने मुलाबरोबर गर्भाशयही काढून टाकून आईचा जीव वाचविला. आणि १८८२ साली लायप्झिगच्या मॅक्स सँगर याने गर्भाशयाची जखम टाके घालून शिवण्याची रीत रूढ केली. पुढे रक्त देण्याची सोय झाली, सल्फा औषधे आली, पेनिसिलिन आले. जे धाडस होते ते नित्याचे काम झाले. अडलेल्या बाळंतिणीला मृत्यूच्या दाढेतून ओढून आणणारे याहून मोठे साधन मानवाला आजवर लाभलेले नाही, हे प्रारंभीच मान्य केले पाहिजे. या साधनाचा गौरव करूनच त्याच्या अतिरेकाचा विचार करणे योग्य होईल.

महाराष्ट्रातील बाळंतपणाचा इतिहास मात्र शस्त्रक्रियेपासून सुरू होत नाही. तो सुईणीपासून सुरू होतो. ही स्त्री बहुधा गावातील खालच्या मानलेल्या जातीतील, पतीच्या किंवा सासूच्या घराण्याकडून विद्या मिळालेली, अक्षरशत्रू आणि तरीही गावातील प्रत्येक घरात अपरिहार्य अशी असे. कळा सुरू झाल्या की तिला बोलावणे जाई. ती येई ती मूल होईपर्यंत हलत नसे. पाठ चोळणे, धीर देणे, उठवून चालविणे, नाळ कापणे, पुढे दहा-बारा दिवस बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालणे, शेक देणे, पाचवीला सटवाईच्या पूजेत आपला मान घेणे, ही सारी तिचीच कामे. मोबदला म्हणून तिला धान्य, लुगडे-चोळी, थोडा पैसा मिळे. तिला विटाळाची धनीण समजत, आणि तिच्याच हाती जीव सोपवीत.

तिच्या कामातील दोष भयंकर होते, यात शंका नाही. न धुतलेला हात, गंजलेला विळा, नाळेवर लावलेली राख किंवा शेण यांमुळे किती अर्भके धनुर्वाताने दगावली आणि किती माता बाळंतरोगाने गेल्या, याची गणती नाही. मूल आडवे आले किंवा आईचा कटिभाग अरुंद असला, तर तिच्यापाशी उपाय नसे. तथापि तिच्यापाशी दोन गुण होते, आणि ते पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. एक म्हणजे तिची सतत उपस्थिती, आणि दुसरा म्हणजे वाट पाहण्याची तयारी.

सुईणीच्या दोषांवर पहिला शास्त्रीय प्रकाश टाकण्याची आकांक्षा एका मराठी स्त्रीनेच धरली. आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी झालेला मुलगा अवघे दहा दिवस जगला. त्या दुःखातून त्या अमेरिकेस गेल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून एम. डी. झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागावर त्यांची नेमणूक झाली होती. परंतु १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी, त्यांचे पुण्यात निधन झाले.

ज्या वर्षी आनंदीबाई पदवीधर झाल्या त्याच वर्षी मुंबईत स्त्रियांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले. त्याच्या आदल्या वर्षी, १८८५ साली, लेडी डफरिन यांच्या नावाचा निधी स्थापन होऊन स्त्री-डॉक्टर व शिकलेल्या सुईणी तयार करण्याचा उद्योग देशभर सुरू झाला होता. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदनाचे काम उभे राहिले. विधवा आणि निराधार स्त्रियांना परिचर्या व प्रसूतिकर्म यांचे शिक्षण देऊन स्वतःच्या पायावर उभे करावे, हा त्या कार्याचा एक मोठा भाग होता. ज्या कामाला समाज विटाळ म्हणत होता, ते काम उच्चवर्णीय विधवेने प्रतिष्ठेने पत्करावे, ही त्या काळातील लहानसहान क्रांती नव्हे. सेवासदनाच्या या प्रयोगात एक महत्त्वाचे सूत्र होते: सुईणीला हाकलून देऊ नये, तर तिच्या जागी शिकलेली सुईण आणावी.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीने आपला अहवाल दिला, तेव्हा देशात दरवर्षी सुमारे दोन लाख स्त्रिया बाळंतपणात मरत असाव्यात असा तिचा अंदाज होता. या पार्श्वभूमीवर गावोगाव सहायक परिचारिका-प्रसाविका नेमण्याचे धोरण आले. प्रारंभी तिचे मुख्य काम बाळंतपण हेच होते. परंतु १९७३ साली कर्तारसिंग समितीने तिला बहुउद्देशीय कार्यकर्ती करावे अशी शिफारस केली. कुटुंबनियोजन, लसीकरण, निरनिराळ्या नोंदवह्या, सर्वेक्षणे यांचा भार तिच्यावर पडत गेला. आणि ज्या विद्येसाठी तिची नेमणूक झाली होती, ती विद्या सरावाअभावी तिच्या हातून सुटू लागली. कागदावर तिच्या पदनामात ‘प्रसाविका’ हा शब्द कायम राहिला. प्रशासनाच्या इतिहासात अशा गोष्टी पुष्कळ घडतात. पद टिकते, काम निघून जाते.

महाराष्ट्रात याच्या उलट दिशेने जाणारे दोन प्रयोग झाले, आणि ते जगाने पाहिले. १९७० साली रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, जामखेड येथे काम सुरू केले. गावातील, बहुधा निरक्षर आणि दलित, स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका केले. १९८६ साली डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. तेथे गावातील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत त्यांनी बसविली. आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यूंचे प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक घटल्याचे दिसून आले. हे दोन्ही प्रयोग सिझेरियनविषयी नव्हते. तथापि बाळंतिणीच्या शेजारी बसणारी, तिच्याच बोलीत बोलणारी आणि थोडेसेच पण नेमके शास्त्र शिकलेली स्त्री काय करू शकते, हे त्यांनी निर्विवाद सिद्ध केले.

यानंतर देशाने एक मोठे पाऊल उचलले. २००५ साली जननी सुरक्षा योजना सुरू झाली आणि रुग्णालयात प्रसूत होणाऱ्या गरीब स्त्रीला रोख साहाय्य मिळू लागले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे बोलके आहेत. २००५-०६ साली शंभरांपैकी सुमारे ३९ प्रसूती रुग्णालयात होत. २०१९-२१ मध्ये ते प्रमाण ८९ च्या घरात गेले. मातामृत्यूही झपाट्याने कमी झाले. २०१८-२० या काळात लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ माता दगावल्या. भोर समितीच्या काळाशी तुलना केली तर हा पराक्रमच होय. परंतु याच अवधीत सिझेरियनचे प्रमाण ८.५ टक्क्यांवरून २१.५ टक्क्यांवर गेले. खासगी रुग्णालयांत ते ४७.४ टक्के, तर सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के भरले. महाराष्ट्रात ते २५.४ आणि कर्नाटकात ३१.५ टक्के होते. तेलंगणात साठ टक्क्यांहून अधिक, तर बिहारात दहा टक्क्यांहूनही कमी.

या आकड्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली ब्राझीलमधील फोर्तालेझा येथील बैठकीत असे मत नोंदविले की, कोणत्याही प्रदेशात सिझेरियनचे प्रमाण दहा ते पंधरा टक्क्यांपलीकडे जाण्याचे समर्थन करता येत नाही. २०१५ साली संघटनेने हाच विचार नव्या अभ्यासाच्या आधारे मांडला: लोकसंख्येत हे प्रमाण दहा टक्क्यांपर्यंत वाढते तोवर माता व अर्भके वाचतात, त्यापुढे वाढले म्हणून अधिक जीव वाचल्याचे दिसत नाही. म्हणजे आपल्या देशात एकाच वेळी दोन अन्याय घडत आहेत. कोठे शस्त्रक्रियेची गरज असलेल्या स्त्रीला ती मिळत नाही, आणि कोठे गरज नसलेल्या स्त्रीवर ती होते. अनावश्यक छेदाची किंमतही लहान नसते. रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांचा धोका वाढतो. पुढल्या गरोदरपणात वार गर्भाशयाच्या जुन्या व्रणात रुतून बसण्याची भीती असते. आणि दिवस भरण्यापूर्वी काढलेल्या मुलाला श्वासाचा त्रास होऊ शकतो.

हे असे का घडले? याचे उत्तर केवळ डॉक्टरांच्या लोभात शोधणे सोपे आहे. परंतु ते अपुरे आहे. तालुक्याच्या गावी एकट्या डॉक्टरने चालविलेले प्रसूतिगृह डोळ्यांपुढे आणावे. कळा बारा-चौदा तास चालू शकतात. शस्त्रक्रिया तासाभरात आटोपते. रात्रभर बाळंतिणीजवळ बसणारे शिकलेले माणूस तेथे नाही. भूल देणारा डॉक्टर दुसऱ्या गावाहून यावयाचा. तो रात्री मिळेल की नाही याची शाश्वती नाही. नैसर्गिक प्रसूतीचे शुल्क कमी, शस्त्रक्रियेचे अधिक. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. ते रुग्णांच्या हिताचेच झाले. परंतु काही विपरीत घडल्यास ‘शस्त्रक्रिया का केली नाही’ हा प्रश्न विचारला जातो, ‘का केली’ हा क्वचितच, असे डॉक्टरांच्या मनाने घेतले. त्यातच नातलगांचा धीर सुटतो. काही घरी ज्योतिषाकडून जन्माचा मुहूर्तही काढून आणला जातो. अशा स्थितीत सुरी हातात घेणे हा सर्वांच्याच दृष्टीने सोयीचा मार्ग ठरतो. ज्या जागी पूर्वी सुईण बसत असे ती जागा रिकामी झाली, आणि तिची वाट पाहण्याची तयारीही तिच्याबरोबर गेली.

अमेरिकेच्या इतिहासातील एक गोष्ट येथे स्मरण्याजोगी आहे. १९१६ साली न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ एडविन क्रेगिन यांनी लिहिले की, एकदा सिझेरियन झाले की पुढेही सिझेरियनच करावे लागते. हे वाक्य त्यांनी धोक्याची सूचना म्हणून लिहिले होते. पहिली शस्त्रक्रिया करण्यापूर्वी दहादा विचार करा, असा त्यांचा भाव होता. परंतु पुढच्या पिढ्यांनी सूचना विसरून वाक्य तेवढे नियम म्हणून पाठ केले. १९७० साली अमेरिकेत सुमारे साडेपाच टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने होत. १९८८ पर्यंत हे प्रमाण पंचवीस टक्क्यांच्या जवळ पोचले. अठरा वर्षांत स्त्रियांची शरीररचना बदलली नव्हती. बदलली होती ती प्रसूतिगृहाची व्यवस्था.

आणि जे व्यवस्थेने बिघडते ते व्यवस्थेनेच सुधारले पाहिजे. या विचाराला जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या ऑक्टोबरात शिफारशींचे रूप दिले. अनावश्यक सिझेरियन कमी करण्याचे हे उपाय औषधाचे नाहीत आणि हत्यारांचेही नाहीत. ते शिक्षण, सोबत, सल्ला, हिशेब आणि पैसा यांच्याशी संबंधित आहेत. गरोदर स्त्रीला व तिच्या पतीला प्रसूतीविषयी आधीपासून माहिती द्यावी आणि तिची भीती घालवावी, हा पहिला. शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्यापूर्वी दुसऱ्या अनुभवी डॉक्टरचे मत घेणे बंधनकारक करावे, हा दुसरा. प्रत्येक रुग्णालयाने आपल्या शस्त्रक्रियांचा नियमित आढावा घेऊन तो डॉक्टरांना वेळेवर कळवावा, हा तिसरा. सुईणशास्त्र शिकलेली परिचारिका आणि प्रसूतितज्ज्ञ यांनी जबाबदारी वाटून घ्यावी, हा चौथा. नैसर्गिक प्रसूती व शस्त्रक्रिया यांचे शुल्क सारखे करून पाहावे, हा पाचवा. या शेवटच्या दोन उपायांविषयी मात्र संघटनेने कडक अभ्यासाची अट घातली आहे.

या उपायांचे फळ अतिशयोक्तीने सांगणे बरे नव्हे. लॅटिन अमेरिकेतील पाच देशांच्या ३४ रुग्णालयांत दुसऱ्या मताच्या नियमाची कसोटी घेण्यात आली. सुमारे दीड लाख प्रसूतींचा हा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. शंभर शस्त्रक्रियांमागे सुमारे सात टळल्या, आणि माता वा अर्भक यांचे नुकसान झाले नाही. फळ लहान, पण विनाखर्चाचे आणि निर्धोक. सोबतीचे फळ याहून मोठे निघाले. कळांच्या वेळी सतत कोणी जवळ असण्याविषयीच्या २६ चाचण्यांचा, पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांचा, एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना अशी सोबत होती त्यांच्यात सिझेरियनचे प्रमाण सुमारे एक-चतुर्थांशाने कमी दिसले, कळांचा अवधीही घटला. गावच्या सुईणीला हे कोणी शिकविले नव्हते. ती ते करीत आली होती. भारत सरकारने २०१६ साली सरकारी प्रसूतिगृहांत बाळंतिणीजवळ एक सोबतीण ठेवण्यास मुभा दिली, ती याच दिशेने होय.

हिशेबाच्या उपायासाठी आयर्लंडच्या मायकेल रॉब्सन यांनी २००१ साली मांडलेली दहा गटांची पद्धत आता जगभर वापरली जाते. पहिलटकरीण की आधी बाळंत झालेली, मूल एक की जुळे, डोके खाली की पायाळू, दिवस भरलेले की नाही, कळा आपोआप आल्या की औषधाने आणल्या, आधी सिझेरियन झाले आहे काय, एवढ्या प्रश्नांवरून प्रत्येक बाळंतीण एका गटात बसते. मग ‘आमच्याकडे अवघड रुग्णच येतात’ ही सबब चालत नाही. दिवस भरलेली, मूल डोक्याकडून असलेली, आपोआप कळा आलेली पहिलटकरीण सर्वत्र सारखीच. तिच्यावर एका रुग्णालयात थोड्या आणि दुसऱ्यात पुष्कळ शस्त्रक्रिया होत असतील, तर त्या फरकाचे कारण तिच्या शरीरात असू शकत नाही.

या सर्व विचाराची खरी कसोटी राजधानीत नव्हे, तालुक्याच्या गावी लागते. म्हैसूरहून मडिकेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, म्हैसूरपासून साठ-सत्तर किलोमीटरांवर, पिरियापट्टण हे असेच एक तालुक्याचे गाव आहे. भोवती तंबाखूची शेते. तालुक्यातच बायलकुप्पे येथे तिबेटी निर्वासितांची मोठी वसाहत. हा मुलूख ज्या म्हैसूर संस्थानात होता त्याची आरोग्याविषयीची दृष्टी आपल्या काळाच्या पुढे होती. मुंबईत र. धों. कर्वे यांनी १९२१ साली एकट्याच्या बळावर संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि त्यासाठी आयुष्यभर हालअपेष्टा सोसल्या. म्हैसूरने १९३० साली तेच काम सरकारी रुग्णालयांतून सुरू केले. त्याच सुमारास रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने मंड्या येथे ग्रामीण आरोग्याचे केंद्र उभे राहिले. तोच प्रदेश आज ज्या कर्नाटक राज्यात आहे, तेथे २०१५-१६ ते २०१९-२१ या अल्प अवधीत सिझेरियनचे प्रमाण २३.६ वरून ३१.५ टक्क्यांवर गेले.

पिरियापट्टणसारख्या गावी सुईणीच्या जागेचा प्रश्न अगदी स्पष्ट दिसतो. तेथील खरोखर अडलेल्या बाळंतिणीला शस्त्रक्रियेपर्यंत वेळेवर पोचविणे हे जितके अगत्याचे, तितकेच न अडलेल्या बाळंतिणीला केवळ भीतीपोटी लांबच्या मोठ्या रुग्णालयाकडे न धाडणे हेही अगत्याचे. हा निवाडा कोण करणार? जी स्त्री कळांचा वेग, बाळाच्या हृदयाचे ठोके आणि आईची अवस्था तासन्‌तास जवळ बसून पाहते, तीच तो योग्य रीतीने करू शकते. भारत सरकारने २०१८ च्या डिसेंबरात सुईणसेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. परिचारिकेला अठरा महिन्यांचे विशेष शिक्षण देऊन साध्या प्रसूती स्वतंत्रपणे पार पाडण्याचा अधिकार द्यावयाचा, आणि गुंतागुंत दिसताच प्रसूतितज्ज्ञाकडे सोपवावयाचे, अशी ती योजना आहे. तिचे यश केवळ शिक्षणावर अवलंबून नाही. या स्त्रीला लसीकरणाच्या आणि नोंदवह्यांच्या कामी जुंपले, तर १९७३ नंतरचा इतिहास पुन्हा घडेल. तिला अधिकार दिला पण डॉक्टरांनी तो मानला नाही, तर ती पुन्हा केवळ हाताखालची मदतनीस होईल. जागा निर्माण करणे हे शासनाचे काम. ती जागा राखणे हे त्याहून कठीण काम.

शंभर-सव्वाशे वर्षांचा हा इतिहास एका वाक्यात सांगावयाचा, तर घरातील अज्ञानी सुईण काढून टाकण्यात समाजाने जेवढा उत्साह दाखविला, तेवढा रुग्णालयात ज्ञानी सुईण आणण्यात दाखविला नाही. शस्त्रवैद्याने आपले काम चोख केले. पण ज्या बाळंतिणींना त्याची गरज नव्हती, त्यांच्याजवळ बसण्यास कोणी उरले नाही. सेवासदनाच्या विधवांनी एकेकाळी विटाळ झुगारून जी विद्या पत्करली, ती आज पुन्हा प्रतिष्ठेने रुग्णालयात आली पाहिजे. तसे झाले तर सुरी जेथे हवी तेथे ती वेळेवर पोचेल, आणि जेथे नको तेथे तिला हात लावण्याची घाई कोणाला होणार नाही.